गडग्याच्या दगडावर लाटा कशा?

प्रश्न : कासार्ड्याच्या बाजूला सिलिका वाळूचा पांढरट दगड निघतो. आमच्या गडग्यातल्या (दगडी कुंपणातल्या) तसल्याच एका दगडावर, ओहोटीला पुळणीवर दिसतात तशा लाटा उमटल्यात. इथपर्यंत समुद्र होता काय?
– एक वाचक, कणकवली तालुका

उत्तर : दादा, दगड जपून ठेवा! तुमच्याकडचा हा वालुकाश्म, म्हणजे वाळू घट्ट होऊन झालेला दगड, कलादगी गटातला, कलादगी हे बागलकोट जिल्ह्यातलं गाव, तिथपासून सिंधुदुर्गापर्यंत हे खडक तुकड्यातुकड्यांनी दिसतात, आणि वय शंभर कोटी वर्षांच्या वर. सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे तो लाव्हा नंतर येऊन यावर पसरला.

आता लाटा. नुसत्या लाटांवरून समुद्र म्हणता येत नाही, उथळ तळ्यात आणि नदीतपण त्या उमटतात. आधी वळीच्या, म्हणजे लाटेच्या उंचवट्याच्या, दोन्ही बाजू बघा. उतार सारखे असतील तर पाणी मागेपुढे हलत होतं, किनाऱ्यावर किंवा तळ्याच्या काठाला हलतं तसं, आणि एक बाजू लांब, दुसरी उभी असेल तर प्रवाह एकाच दिशेने, उभ्या बाजूकडे चालला होता. पण गडग्यातला दगड कुणीतरी उचलून फिरवून लावलाय ना, त्यामुळे प्रवाह उत्तरेकडे होता की पश्चिमेकडे हे आता त्या दगडावरून कळणार नाही. त्यासाठी जागेवरचा खडकच पाहिजे, तिथे आडव्या थरांच्या मध्ये तिरक्या रेघा दिसल्या तर त्या ज्या बाजूला उतरतात तिकडे पाणी वाहत होतं, अशी बरीच मापं घेतली की जुन्या नदीची दिशा लागते. सोबत चिखलाला भेगा पडलेला थर असेल तर पाणी मध्येमध्ये आटायचं, आणि गोट्यांचा थर असेल तर तिथे जोराचा प्रवाह होता. एका खुणेवर विसंबू नका, थर खालून वर क्रमाने वाचायचे.

त्यात शिंपले मात्र शोधू नका, कवचवाले प्राणी तेव्हा नव्हतेच. जमिनीवर झाडं नाहीत, काठ धरायला मुळं नाहीत, त्यामुळे नद्या रुंद, उथळ, फाटे फुटत वाळू पसरत जायच्या. आज हिरव्यागार असलेल्या सिंधुदुर्गात तेव्हा उघडी वाळू आणि पाणी, मला तर हे सगळ्यात भारी वाटतं.

खाणीत हे थर फुटून वाळू होऊन जातात, म्हणून कडा दिसली की परवानगी काढून फोटो घ्याच, मापासाठी बाजूला पट्टी ठेवा, मोबाईलच्या कंपासवर उत्तर बघून लिहून ठेवा आणि कुठला थर वर कुठला खाली तेपण टिपा.