‘सर, काउंट जुळत नाही’

‘ताई, उद्याच्या ओटी लिस्टवर त्या सर्जनचं नाव दिसलं की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा येतो. मी या कामाच्या लायकीचीच नाही का?’

गेल्या मे महिन्यात जळगावात माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका सिस्टरचा हा प्रश्न. ओटी म्हणजे शस्त्रक्रियागृह. शब्द थोडेफार बदलतात, पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक नर्स हेच विचारतात. सर्जन सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलतात, रडू येतं, हात थरथरतात, नोकरी सोडावीशी वाटते. मग दोष माझाच का? तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला तिची परवानगी आहे.

ती चोपडा तालुक्यातली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालेली, ओटीत सहा वर्षं काम केलेली. एका खासगी रुग्णालयात ती एका नावाजलेल्या सर्जनबरोबर स्क्रबला, म्हणजे निर्जंतुक हातांनी उपकरणं द्यायला, उभी राहायची. पहिल्या भेटीत ती बराच वेळ रुमालाची घडी घालत आणि मोडत बसली. डबा न खाता परत येतो म्हणून आई रोज विचारते, ‘काय व्हयनं माय तुले?’ आईला काय सांगणार?

मग तो प्रसंग निघाला. पोटाची शस्त्रक्रिया संपत आली होती. पोट शिवण्याआधी मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडं, मोजतात. हाच काउंट. सुरुवातीला जितके घेतले तितके हातात यायला हवेत, एखादा आत राहिला तर पेशंटच्या जिवावर बेततं. फ्लोअरच्या, म्हणजे टेबलापासून बाजूला राहून सामान पुरवणाऱ्या, सिस्टरनं आणि हिनं मोजलं. एक कमी. हिनं हळूच सांगितलं. सर्जन म्हणाले, ‘तुला मोजता येत नाही का? जा, पहिलीच्या वर्गात जाऊन बस.’ कोणीतरी हसलं. मॉप चादरीच्या घडीत सापडला. म्हणजे तिची मोजणी बरोबरच होती, पण त्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही.

हे सांगताना इतका वेळ प्रमाण मराठीत बोलणारी ती एकदम अहिराणीवर आली. ‘माले मोजता येस, ताई,’ म्हणाली आणि रडली. मी तिला रडू दिलं.

खरी काळजीची गोष्ट तिनं दुसऱ्या भेटीत सांगितली. त्यानंतरच्या एका शस्त्रक्रियेत आकडा जुळेना, तर ती बोललीच नाही. मनातल्या मनात पुन्हा पुन्हा मोजत राहिली. चौथ्या वेळी जुळला म्हणून निभावलं. ‘नसता जुळला तर मी बोलले असते की नाही, मला माहीत नाही,’ असं ती म्हणाली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

अशा वेळी घरचे समजावतात, ‘मोठे डॉक्टर तापटच असतात, पण त्यांच्या हाताला यश आहे.’ यश असेलही. पण ते त्यांना उपकरणं देणाऱ्या, मॉप मोजणाऱ्या आणि भूल सांभाळणाऱ्या हातांचंही असतं. शस्त्रक्रियेचा ताण मोठा असतो, आवाज चढणं मी समजू शकते. ताणाखाली माणूस ‘लवकर दे’ असं ओरडेल. ‘पहिलीत जाऊन बस’ हे ताणातून येत नाही. समोरच्याला आपण कोण समजतो, ते त्यातून दिसतं. आणि त्याची किंमत पेशंट मोजतो. इस्राएलमध्ये नवजात अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-नर्सच्या २४ गटांवर एक प्रयोग झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटांना तज्ज्ञ म्हणवणाऱ्या माणसाची तुच्छतेची शेरेबाजी ऐकावी लागली, त्यांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. म्हणून ‘मन घट्ट कर’ हा सल्ला मी देत नाही. तिचं मन घट्टच होतं, सहा वर्षं ती उभी होती.

आम्ही त्या सर्जनची वाक्यं कागदावर लिहिली आणि त्यातलं कामाचं तेवढं अधोरेखित केलं. ‘परत मोज’ हे कामाचं, ते घ्यायचं. उरलेल्या वाक्यात तिच्या कामाबद्दल काहीच नव्हतं. हे तिला कागदावर दिसलं तेव्हा ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

मग सराव. मी सर्जन झाले, ती सिस्टर. तिचं वाक्य ‘सॉरी सर’नं सुरू व्हायचं. मी विचारलं, सॉरी कशाचं? ते शब्द आम्ही काढून टाकले. उरलं ते असं: ‘सर, थांबा. एक मॉप कमी आहे. काउंट जुळेपर्यंत शिवता येणार नाही.’ ‘थांबा’वर तिचा आवाज आत जायचा. दहाबारा वेळा म्हटल्यावर तो बाहेर आला.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी आणली. चीर देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं, आणि पेशंट ओटीबाहेर जाण्याआधी काउंट जुळल्याचं नर्सनं मोठ्यानं सांगायचं, असं त्यात आहे. म्हणजे हे बोलणं उद्धटपणा नाही, तिला नेमून दिलेलं काम आहे. ती यादी तिच्या ओटीतही होती, नुसत्या खुणा करून फाइलला लावली जायची. इन्चार्ज सिस्टरशी बोलून तिनं ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. काउंट चुकला तर फ्लोअरच्या सिस्टरनंही तेच वाक्य म्हणायचं, असं दोघींनी ठरवलं. एकटीचा आवाज दाबता येतो.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगते. उपकरण अंगावर फेकणं, हाताला मारणं याला तापटपणा म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी तारीख-वेळेसह लेखी तक्रार द्या आणि प्रत स्वतःकडे ठेवा. अश्लील बोलणं किंवा नको तो स्पर्श असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. आणि सगळं करूनही झोप, जेवण परत येत नसेल तर नोकरी बदलणं हा पळपुटेपणा नाही, हेही मी तिला सांगितलं.

चौथ्या भेटीला ती आली तेव्हा बाहेर ऊन भाजत होतं, पण बसायच्या आधीच बोलायला लागली. काउंट पुन्हा चुकला होता. तिनं ‘सर, थांबा’ म्हटलं. ते चिडले. फ्लोअरच्या सिस्टरनंही तेच म्हटलं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, ‘बघून घेऊ, पेशंट स्थिर आहे.’ सर्जनचा हात थांबला. मॉप टेबलाखाली निघाला. ‘मग एवढा आरडाओरडा कशाला?’ असं ते म्हणालेच. ती म्हणाली, ‘काउंट जुळला सर, आता शिवा.’

ते अजून तसेच बोलतात. तिचे हात मधूनच थरथरतात, डबा कधी अर्धा परत येतो. पंधरा दिवसांनी पुढची भेट आहे. फ्लोअरच्या सिस्टरलाही बरोबर आणू का, असं तिनं जाताना विचारलं.