परदेशी बाईंशी वर्गात खटके का उडतात?

प्रश्न असा, की बेळगावात जर्मन शिकवायला आलेल्या बाई 'कुणी तोंडच उघडत नाही' म्हणून चिडतात आणि पोरांना त्या उद्धट वाटतात. चूक कुणाची? माझ्या मते कुणाचीच नाही. मीही अशा वर्गात होतो. 'समजलं का?' म्हटलं की आम्ही सगळे मान डावी-उजवीकडे डोलवायचो आणि त्यांना तो नकार वाटायचा! की पुन्हा पहिल्यापासून सुरू. चारचौघांत 'हे चूक' असं तोंडावर ऐकायची सवयही आपल्याला नसते, लगेच अपमान वाटतो.

जर्मनमधलं 'दू' (तू) आणि 'झी' (आदराचं तुम्ही) मात्र आम्हाला पटकन जमलं. मराठीत तू-तुम्ही, कन्नडात नीनु-नीवु, रोजचंच की ते! तास संपल्यावर बाईंना चहा-कुंद्याला न्या, शंका तिथं विचारा. आमची कोंडी तिथंच फुटली.