रब्बींच्या साहित्याचा अभ्यासक नेमके काय करतो? ज्यू नसलेल्याला हा विषय झेपतो का?

आपण विचारले आहे की, तत्त्वज्ञानात बी. ए. झाल्यावर प्राचीन ज्यू धर्म आणि रब्बींचे, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या पंडितांचे, साहित्य या विषयाकडे वळावे का, स्वतः ज्यू नसलेल्या माणसाला तिथे थारा मिळतो का आणि अशा अभ्यासकाचे दिवस कशात जातात. मी पुण्यात संस्कृत शिकलो, पुढे अमेरिकेत याच विषयात पीएच. डी. केली आणि आता तिकडेच एका लहान महाविद्यालयात शिकवतो, त्या अनुभवावरून लिहितो.

दिवस बहुधा आठ-दहा ओळींत जातात. ताल्मुदच्या, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहाच्या, मुळाशी असलेला मिश्ना हा ग्रंथ साधारण इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झाला आणि तो उघडतो एका प्रश्नाने: संध्याकाळचा शेमा केव्हापासून म्हणावा? शेमा म्हणजे ‘ऐक, हे इस्राएल’ हा पाठ. आपण अलिबागचे आहात आणि इस्रायल आळीतून जाता-येता हा विषय मनात आला असे आपण लिहिले आहे, म्हणून सांगतो की, कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आणि सुंता यांच्याबरोबर हा शेमाही जपला होता. ताल्मुद मात्र त्यांच्या परंपरेत नव्हता. मिश्ना उत्तर देतो ते असे: मंदिराचे याजक आपला तेरुमा, म्हणजे त्यांच्यासाठी काढून ठेवलेला धान्याचा वाटा, खायला घरात शिरतात तेव्हापासून. अशुद्ध झालेल्या याजकाला स्नान केल्यावरही सूर्य मावळेपर्यंत थांबावे लागे, म्हणून ही तारे दिसू लागण्याची वेळ. (सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या मला हे वर्गात कोणी समजावून द्यावे लागले नाही, माझ्या वर्गबंधूंना अर्धा तास लागला.) कुठपर्यंत म्हणावा? रब्बी एलिएझर म्हणतात, रात्रीचा पहिला प्रहर संपेपर्यंत. इतर विद्वान म्हणतात, मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गमलिएल म्हणतात, पहाट फुटेपर्यंत. आणि लगेच गोष्ट येते की, त्यांची मुले मेजवानीहून उशिरा परतली, शेमा म्हणायचा राहिला म्हणाली, आणि वडिलांनी सांगितले की, पहाट झाली नसेल तर अजूनही म्हणायला हवा.

आता अभ्यासकाचे काम सुरू होते. जेरुसलेमचे मंदिर रोमनांनी इ. स. ७० मध्ये जाळले. मग शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही घड्याळ याजकांच्या जेवणाचे का? हा मजकूर तोसेफ्ता या जोडग्रंथात कसा येतो? बुडापेस्टच्या काउफमन हस्तलिखितात पाठ काय आहे आणि छापील प्रतीत काय? आणि सर्वांत अवघड प्रश्न असा की, ‘एलिएझर म्हणतात’ असे मिश्नाने म्हटले म्हणून एलिएझर खरोखर तसे म्हणाले होते का? ते पहिल्या शतकाच्या अखेरचे आणि ग्रंथ त्यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी तयार झालेला. माझ्या मते या एका प्रश्नाला आपण काय उत्तर देता त्यावर या क्षेत्रातली आपली सगळी वाटचाल ठरते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकन अभ्यासक जेकब न्यूस्नर. जन्म १९३२, हार्टफर्ड, मृत्यू २०१६. नऊशेहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत आणि बाहेरच्या जगाला तेवढेच ठाऊक असते. त्यांनी १९६२ मध्ये रब्बी योहानान बेन झक्काई यांचे चरित्र प्रसिद्ध केले. वेढा पडलेल्या जेरुसलेममधून शिष्यांनी ज्यांना शवपेटीत घालून बाहेर काढले असे सांगतात, ते हे योहानान. पण ही गोष्ट वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळी आहे: बाबिलोनी ताल्मुदमध्ये ते रोमन सेनापतीकडे यावने हे गाव आणि तिथले विद्वान मागतात, तर बायबलमधल्या विलापगीतावरच्या मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या भाष्यात, सेनापतीला शहरच सोडून जा असे म्हणतात. हे सगळे जोडून एक सलग चरित्र रचणे म्हणजे जेवढे आख्यान तेवढा इतिहास मानणे होय. न्यूस्नर यांना हे उमगले आणि १९७० मध्ये त्याच माणसावर दुसरे पुस्तक लिहून त्यांनी आपलीच पद्धत मोडीत काढली. आठ वर्षांत स्वतःचे पहिले पुस्तक रद्द ठरवणारा माणूस मला त्याच्या नऊशे पुस्तकांपेक्षा मोठा वाटतो. पुढे त्यांचा आग्रह असा राहिला की, जे दाखवता येत नाही ते आपल्याला माहीत नाही. म्हणून प्रत्येक ग्रंथ आधी त्याच्या संपादकांचे म्हणणे म्हणून वाचावा, त्यातल्या व्यक्तींचे म्हणून नव्हे.

दुसरे टोक म्हणजे न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीत न्यूस्नर यांना शिकवणारे सॉल लीबरमन. ते १८९८ मध्ये पिन्स्कजवळच्या मोतोल गावी जन्मले. तोसेफ्ताची चिकित्सक आवृत्ती आणि तिच्यावरचे विस्तृत भाष्य हे त्यांचे आयुष्यभराचे काम, आणि ते अपुरेच राहिले. चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय, हे भांडारकर संस्थेचे महाभारत पाहिलेल्याला वेगळे सांगायला नको. रब्बींच्या हिब्रूत ग्रीक भाषा आणि रोमन कायदा किती खोलवर मुरला आहे, हे त्यांनी एकेका शब्दावरून दाखवले. न्यूस्नर यांच्या जेरुसलेम ताल्मुदच्या भाषांतरावर त्यांनी लिहिलेले परीक्षण त्यांच्या मृत्यूनंतर, १९८४ मध्ये, छापून आले. या भाषांतराची योग्य जागा कचऱ्याची टोपली आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र न्यूस्नर यांच्या निबंधांतल्या प्रश्नांचे आणि मर्मदृष्टीचे कौतुकही त्याच परीक्षणात आहे, जे सांगणारे सहसा गाळतात. त्याच वर्षी शिकागोला भरलेल्या अभ्यासकांच्या अधिवेशनात न्यूस्नर यांचेच एक जुने शिक्षक, मॉर्टन स्मिथ, यांनी सर्वांसमक्ष त्यांच्यावर टीका करून त्या परीक्षणाच्या प्रती वाटल्या. मला विचाराल तर भाषांतरातल्या चुकांबाबत लीबरमन बरोबर होते आणि प्रश्नाबाबत न्यूस्नर. आज ‘अमुक रब्बी म्हणाले’ हे वाक्य पुराव्याविना इतिहास म्हणून लिहिण्यास फारसे कोणी धजत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच मॉर्टन स्मिथ यांच्यात आहे. ते ज्यू नव्हते, एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाचे धर्मगुरू होते. दुसऱ्या महायुद्धामुळे जेरुसलेममध्ये अडकून पडले आणि तिथल्या हिब्रू विद्यापीठातून त्यांनी पीएच. डी. मिळवली. मिश्नाचे १९३३ मध्ये ऑक्सफर्डहून निघालेले इंग्रजी भाषांतर हर्बर्ट डॅन्बी या अँग्लिकन धर्मगुरूचे आहे. तेव्हा दार बंद नाही. तरीही ज्यांनी लहानपणापासून येशिवात, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळेत, जोडीदारासमोर बसून, हुज्जत घालत ताल्मुद वाचला आहे, त्यांच्या कानात त्या अरामी भाषेची लय मुरलेली असते, आणि तिशीत शिकलेल्या माणसाला ती तशी येत नाही. मला अजूनही ओळीचा अर्थ आधी लागतो आणि चेष्टा नंतर कळते.

नोकरीविषयी थोडक्यात सांगतो. पदे थोडी आहेत, बरीचशी देणगीतून उभारलेल्या अध्यासनांवर अवलंबून आहेत आणि केवळ ताल्मुद शिकवण्यासाठी कोणी क्वचितच नेमते. मी स्वतः एका सत्रात बायबल, दुसऱ्यात जगातील धर्मांची ओळख आणि उरल्या वेळात, चार विद्यार्थी जमले तर, मिश्ना शिकवतो. हे चालणार असेल तर अर्ज करण्याआधी निदान दोन वर्षे हिब्रूला द्या. अरामी, ग्रीक आणि निदान वाचण्यापुरती जर्मन नंतर येतील. हिब्रूची लिपी हाताला बसली की वर दिलेले पहिले पान मुळातून वाचा, भाषांतर बाजूला ठेवून. माझ्या पहिल्या वर्गात त्या पानाची पहिली ओळ संपायला दोन तास लागले होते, आणि आमच्या बाईंनी तेव्हाही ती संपली असे म्हटले नव्हते.