वहीतलं ते पान

प्रश्न (थोडक्यात): मुलीला नीटमध्ये 431 गुण मिळाले. आम्ही दुसऱ्यांदा ड्रॉप ठरवला आहे. तिला मात्र ताऱ्यांच्या एक्स-रेचा अभ्यास करायचा आहे. एक्स-रेच हवेत तर एमबीबीएसनंतर रेडिओलॉजी आहेच. हे खूळ कसं काढावं? तिच्या जप्त केलेल्या वहीचं एक पान सोबत जोडतो. – एक पालक, नंदनवन, नागपूर

नमस्कार भाऊ,

तुमच्या लांबलचक पत्रात ‘आम्ही ठरवलं’ चारदा आलंय, मुलीचं म्हणणं तिच्या शब्दांत एकदाही नाही. वही काढून घेतल्यापासून ती तुमच्यासोबत जेवायला बसत नाही, हे एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. मी त्या ओळीवरच थांबलो. 431 गुणांपेक्षा मला तिची काळजी जास्त वाटते. आणि तिला सहावीत रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात तुम्हीच नेलं होतं ना?

ते पान मी तीनदा वाचलं. एटा कॅरिनी ही दोन प्रचंड ताऱ्यांची जोडी. दोघांवरूनही वायूचे वारे सुटतात आणि त्यांच्या धडकेतून एक्स-रे निघतात. दर साडेपाच वर्षांनी हे तारे एकमेकांच्या अगदी जवळ येतात. मुलीने त्यांच्या एक्स-रेचा आलेख काढलाय: चढत जातो आणि जवळ येताच कोसळतो. तिथे पेन्सिलीने लिहिलंय, ‘दाट वाऱ्याआड झाकले जातात, की धडकच विझते?’ भाऊ, याच प्रश्नावर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं वाद घातलाय. तिला तो कुणी शिकवला नसावा, आलेख बघून पडला असावा.

आता रेडिओलॉजी. दवाखान्यातल्या यंत्रात इलेक्ट्रॉन धातूवर आदळवून एक्स-रे काढतात आणि डॉक्टर त्यातून शरीर बघतो. एटा कॅरिनीत ताऱ्यांवरून सुटलेले वारे एकमेकांवर आपटतात, त्यातल्या एकाचा वेग सेकंदाला सुमारे 3000 किलोमीटर. आपटलेला वायू काही कोटी अंशांपर्यंत तापतो आणि स्वतःच एक्स-रे फेकतो. आपलं वातावरण ते अडवतं, म्हणून दुर्बीण उपग्रहावर लागते. 2015 मध्ये इस्रोने सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवर तशी आहे. पुढचं काम संगणकावरचं: गणित, संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग. नाव एक म्हणून रेडिओलॉजीत तिची हौस भागेल, हा निव्वळ गैरसमज आहे.

तिच्यासाठी वाटा अशा: आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेशपरीक्षा, भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेसाठी नेस्ट, किंवा बीएस्सी फिजिक्स करून एमएस्सीसाठी आयआयटी जॅम परीक्षा. पुढे पुण्याची आयुका, मुंबईची टीआयएफआर या संशोधन संस्था. बारावीला तिने गणित ठेवलंय, हे उत्तम झालं. मात्र पीएचडीपर्यंत दहाएक वर्षं जातात आणि कायमच्या जागा मोजक्याच असतात. हे तिलाही स्पष्ट सांगा.

दुसऱ्या ड्रॉपची फी भरू नका. वही आजच परत द्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.