पिकअपच्या अ‍ॅक्सेसरीज: डीलरकडून बसवायच्या की घरीच? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार, नवीन पिकअप बुक केलीय. डीलरने फूटस्टेप, हौद्याचं कव्हर, लायनर (हौद्याच्या आतलं अस्तर) आणि टो हिच (मागे ट्रेलर जोडायचा हूक) असं सगळं मिळून एक पॅकेज सांगितलंय, आकडा ऐकून डोळे पांढरे झाले. बाहेर बघितलं तर तेच सामान जवळजवळ निम्म्यात मिळतंय. माझा भाऊ म्हणतो पाने असले की सगळं घरी होतं. खरंच होतं का, की नंतर डोक्याला ताप?

उत्तर: भावाचं निम्मं बरोबर आहे. पण आधी एक गोष्ट करा, डीलरला पॅकेज फोडून लिहून द्यायला सांगा, सामान किती आणि मजुरी किती, प्रत्येक वस्तूचं वेगळं. पॅकेज म्हणून एकच आकडा दिला की स्वस्तात होणारं कामही महागाच्या पोटात लपून जातं. आणि मजुरी कशी लावतात ते समजून घ्या, बहुतेक ठिकाणी प्रत्येक कामाला ठरलेले तास असतात, त्या तासांना तासाच्या दराने गुणलं की झालं बिल. सराईत फिटरने दोन तासांचं काम सव्वा तासात उरकलं तरी पैसे दोन तासांचेच. यात फसवणूक काही नाही, पण सोप्या कामात हाच पैसा तुम्ही वाचवू शकता.

अजून एक, हे सगळं गाडीच्या कर्जात घालू म्हणून सांगतात ना, तिथे जरा थांबा. हप्ता थोडासाच वाढतो त्यामुळे काही वाटत नाही, पण फूटस्टेपवर तुम्ही शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज भरता. रोख भरायची तयारी नसेल तर ती वस्तू सहा महिन्यांनी घ्या, गाडी कुठे पळून जात नाही.

डीलरच्या बाजूनेही बोलायला हवं. डिलिव्हरीच्या आधी कंपनीचीच अ‍ॅक्सेसरी डीलरने बसवली तर बऱ्याचदा तिची वॉरंटी गाडीच्या वॉरंटीबरोबर चालते, आणि बसवताना ओरखडा पडला तर तो त्यांच्या डोक्यावर. हे तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.

आता तुमच्या यादीतलं. हौद्याचं कव्हर बिनधास्त घरी लावा, बहुतेक कव्हर क्लॅम्पने बसतात, भोक पाडावं लागत नाही. फक्त दोन्ही बाजूच्या पट्ट्या लावल्यावर हौद्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, समोरच्या डाव्या कोपऱ्यातून मागच्या उजव्यापर्यंत आणि मग उलटं. दोन्ही मापं सारखी आली की पट्ट्या काटकोनात आहेत, नाही आली तर कव्हर एका बाजूला ओढलं जाणार आणि पहिल्याच पावसात कोपऱ्यातून पाणी आत येणार.

फूटस्टेपही घरी होतं, बऱ्याच पिकअपना खाली त्यासाठीची आट्यांची भोकं कंपनीतूनच असतात, प्लॅस्टिकचं बूच काढलं की दिसतात. प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवून बसवायचा, पाना नंतर. सगळे ब्रॅकेट ढिलेच ठेवून वर पायरी ठेवायची, दरवाज्याला समांतर आली की मग कसायचं. पहिलाच ब्रॅकेट घट्ट करून टाकला तर शेवटच्याचं भोक जुळत नाही, मग लोक बोल्ट तिरका घालून दामटवतात आणि गाडीतला आटाच मारतात. तो आटा परत करून घ्यायचा खर्च डीलरच्या मजुरीच्या वर जातो.

लायनरमध्ये दोन प्रकार. तयार प्लॅस्टिकचा नुसता टाकायचा असतो, पण त्याच्याखाली पाणी आणि वाळू अडकते, गाडी हलते तसं ते रंगाला घासतं आणि गंज धरतो, म्हणून मला तो फारसा पटत नाही. फवाऱ्याचा चांगला, पण तो दुकानातूनच करून घ्या. रोलरने घरी मारायचे किट मिळतात, त्यांचा थर साधारणपणे पातळ बसतो आणि खरी मेहनत मारण्यात नसून आधी सगळा हौदा खरवडून, धुऊन, टेप लावण्यात असते, त्यात हयगय झाली की पापुद्रे निघतात.

टो हिच मात्र भावाच्या हातात देऊ नका. गाडीखाली आडवं पडून जड लोखंड छातीवर तोलायचं, बोल्टचा टॉर्क, म्हणजे कसायचा जोर, सहज १०० न्यूटन-मीटरच्या वर, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत ट्रेलरचं वायरिंग नुसतं जोडून चालत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरला ट्रेलर आहे हे कोडिंग करून सांगावं लागतं, नाहीतर ट्रेलर जोडून रिव्हर्स घेतला की मागचे सेन्सर बोंबलत बसतात. मागे माणसं चालत असतात, तिथे पैसे वाचवू नयेत.

प्रश्न: एलईडी लाइट बार घेतलाय १८० वॉटचा. डीलर वायरिंगचे पैसे लाइटपेक्षा जास्त सांगतोय! हेडलाइटच्या वायरीतून करंट घेतला तर काम फुकटात होईल ना?

उत्तर: नाही हो, अजिबात नको. हिशोब करा, १८० भागिले १२ म्हणजे १५ अँपियर. एवढा करंट हेडलाइटच्या बारीक वायरीतून ओढला तर एकतर फ्यूज उडेल किंवा वायर तापेल, शिवाय नव्या गाड्यांत हेडलाइटवर कॉम्प्युटरची नजर असते, जास्तीचा लोड दिसला की डॅशबोर्डवर एरर.

बरोबर पद्धत म्हणजे बॅटरीपासून वेगळी जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपियरचा फ्यूज, मग रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), मग लाइट. रिलेवर आकडे असतात, ३० नंबरला फ्यूजकडून येणारी वायर, ८७ वरून लाइटला, ८५ आणि ८६ मध्ये एकाला स्विच आणि दुसऱ्याला अर्थिंग. स्विचमधून जेमतेम रिले ओढण्यापुरता करंट जातो, म्हणून केबिनमध्ये बारीक वायर चालते. फ्यूज लाइटजवळ लावणारे महाभाग असतात, पण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे पत्र्याला घासली तर तिला वाचवणारं कुणीच नाही, आग तिथेच लागते. पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडेने वायर कापू नये म्हणून बसवायची रिंग) हवाच.

आता पैशाचं. रिले, फ्यूज होल्डर, वायर, लग (वायरीच्या टोकाचं धातूचं टोपण), हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), वरची जाळीची नळी, हे एकेक किरकोळ वाटतं पण बेरीज केली की बरीच होते, आणि क्रिम्पिंगची (लग वायरीवर दाबून बसवायची) पकड घरात नसेल तर तीही आली. एका लाइटसाठी हे सगळं घेणार असाल तर बचत फार उरत नाही. पण पुढे कॅमेरा, फॉग लॅम्प वगैरे करायची हौस असेल तर पकड घ्या आणि स्वतः करा. रस्त्यावर हा बार लावून चालवायला परवानगी आहे का तेवढं आधी बघा, बऱ्याच ठिकाणी नसते.

प्रश्न: घरी एक जरी बोल्ट लावला तरी वॉरंटी गेली असं सेल्समन म्हणतो. खरं का?

उत्तर: सेल्समनला अ‍ॅक्सेसरी विकायची असते. सहसा सगळी वॉरंटी जात नाही, तुम्ही लावलेल्या वस्तूमुळे जे बिघडलं तेवढ्याचा क्लेम नाकारतात. म्हणजे फूटस्टेप घरी लावला म्हणून गिअरबॉक्सचा क्लेम नाकारायला त्यांच्याकडे कारण नाही, पण तुम्ही वायरिंगमध्ये हात घातला आणि नंतर बॅटरी उतरायला लागली तर वाद होणार. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतल्या अटी वाचा, बिलं जपा, काम करताना फोटो काढून ठेवा. पत्र्याला भोक पाडलं तर गंजाच्या वॉरंटीचं त्या जागेपुरतं विसरा, आणि भोकाच्या कडा घासून प्रायमर-रंग लावल्याशिवाय बोल्ट घालू नका.

प्रश्न: लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) आणि मोठे टायर बसवायचेत. मित्राकडे जॅक आहे, दोघं मिळून एका रविवारी करू म्हणतोय.

उत्तर: दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये हात तोडण्याइतका जोर असतो, त्यामुळे नुसत्या जॅकच्या भरवशावर नको. आणि खर्च किटवर संपत नाही. नंतर अलाइनमेंट, हेडलाइट खाली करून घेणं, पुढे रडार-कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, हे सगळं येतंच. टायर ३० इंचावरून ३३ वर नेला तर घेर १० टक्के वाढला, काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल, म्हणजे तेही सेट करून घ्या. डीलर महाग वाटत असेल तर चांगलं स्वतंत्र गॅरेज बघा, पण सामान तुम्ही आणलंत तर कामाची गॅरंटी देतात का ते आधी विचारा, बरेच जण देत नाहीत.

प्रश्न: सीट कव्हर आणि मडफ्लॅपसाठी डीलरकडे जावं का?

उत्तर: मडफ्लॅपला कशाला, स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा तास पुरे. कव्हर मात्र बघून घ्या, सीटच्या बाजूला एअरबॅगचा टॅग असेल तर त्या बाजूला फाटणारी शिलाई असलेलंच कव्हर हवं, साधं घट्ट कव्हर एअरबॅग अडवतं.