कुरासाओ: देश, वसाहत की संस्थान?

प्रश्न असा आहे: "कुरासाओचा फुटबॉल संघ विश्वचषकासाठी पात्र ठरला, तेव्हाच्या एकाच मराठी बातमीत तीन शब्द वाचले. मथळ्यात 'देश', खाली 'नेदरलँड्सची वसाहत' आणि फोटोच्या ओळीत 'डच प्रांत'. यातला बरोबर कोणता? 'संस्थान' म्हटलं तर? आणि आमचे आजोबा डचांना 'वलंदेज' म्हणायचे, तो शब्द इथे चालेल का?"

मथळा लिहिणारा बरोबर आहे. फोटोखालची ओळ लिहिणारा साफ चुकला. मधल्याचं काय करायचं, हे मात्र एका ओळीत सांगता येत नाही.

आधी फुटबॉल बाजूला ठेवू. १८ नोव्हेंबर २०२५ ला किंग्स्टनमध्ये जमैकाशी गोलशून्य बरोबरी करून कुरासाओने विश्वचषक गाठला. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट, वस्ती जेमतेम दीड लाख. इतक्या छोट्या वस्तीचा संघ तिथवर आजवर पोचला नव्हता. पण फिफाचा संघ असणं हा देश असल्याचा पुरावा नव्हे, संघ तर स्कॉटलंडचाही असतो. याच कुरासाओला ऑलिंपिकमध्ये स्वतःचा झेंडा नाही. खेळाडूंनी नेदरलँड्सकडून उतरायचं, नाहीतर शेजारच्या अरुबाकडून. तेव्हा खेळाच्या संघटनांना विचारून शब्द ठरवू नये.

आता 'वसाहत'. हा 'वसणे'च्या कुळातला शब्द आहे, आणि रोजच्या मराठीत अगदी घरगुती. कामगार वसाहत, पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत. कुणीतरी येऊन वसतं ती वसाहत. डचांकडेही या अर्थाचा एक जुना, फार बोलका शब्द होता: 'फोल्क्सप्लांटिंग', म्हणजे लोकांची लागवड. पण कुरासाओच्या बाबतीत गंमत अशी की तिथे वसवण्याआधी उठवलं गेलं. १६३४ मध्ये योहान फान वालबेक डचांच्या वेस्ट इंडिया कंपनीचं आरमार घेऊन आला. त्याला मीठ हवं होतं आणि स्पेनविरुद्धच्या लढाईसाठी चांगलं बंदर. त्याने मूठभर स्पॅनिशांबरोबर बहुतेक मूळ रहिवाशांनाही गलबतांत घालून समोरच्या व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर नेऊन सोडलं. मग बेटावर माणसं आली ती आफ्रिकेतून, साखळदंडात. कुरासाओ गुलामांच्या व्यापाराचं मोठं गोदाम झालं: इथे आणायचं आणि स्पॅनिश अमेरिकेत विकायचं. १७ ऑगस्ट १७९५ ला क्निप नावाच्या मळ्यावर 'तुला' नावाच्या गुलामाने 'आजपासून काम बंद' म्हणून बंड पुकारलं, त्याला ३ ऑक्टोबरला हालहाल करून मारलं. गुलामगिरी कायद्याने संपली ती १ जुलै १८६३ ला. अशा जागेला 'वसाहत' म्हणताना शब्दाच्या पोटातलं ते 'वसणं' मला नेहमी टोचतं. नफ्यासाठी राखलेल्या मुलखाला डचांकडे 'विनगेवेस्ट' असा वेगळा शब्द आहे. मराठीत दोन्हींना एकच.

ते असो. वसाहत म्हणजे परसत्तेच्या ताब्यातला मुलूख हा अर्थ आता रूढ आहे आणि त्या अर्थाने कुरासाओ वसाहत होतीच. प्रश्न आहे तो 'आहे का?' हा.

डच राज्यघटनेतून 'वसाहत' हा शब्द १९२२ मध्येच गेला. त्या जागी राज्यात नेदरलँड्स, नेदरलँड्स इंडिज (म्हणजे आजचा इंडोनेशिया), सुरिनाम आणि कुरासाओ यांचा भूभाग येतो, असं वाक्य आलं. तेव्हा 'कुरासाओ' म्हटलं की कॅरिबियनमधली डचांची सहाही बेटं त्यात येत. नाव बदललं, कारभार होता तसाच राहिला. आपल्याकडेही पाटी बदलण्याचा कार्यक्रम ओळखीचा आहे, त्यामुळे यावर जास्त बोलायला नको. खरा बदल युद्धाने घडवला. नेदरलँड्स हिटलरच्या टाचेखाली असताना, डिसेंबर १९४२ मध्ये लंडनहून राणी विल्हेल्मिनाने रेडिओवरून सांगितलं की युद्धानंतर राज्याचे सगळे भाग आपापला अंतर्गत कारभार स्वतः पाहतील आणि एकमेकांना हात देतील. हे बोलताना डोळ्यांसमोर होता तो इंडोनेशिया. तो काही थांबला नाही, १९४९ च्या अखेरीस डचांना त्यावर पाणी सोडावं लागलं. मग इंडोनेशियासाठी शिवलेला तो अंगरखा उरलेल्यांच्या अंगावर चढला. १५ डिसेंबर १९५४ ला राणी युलियानाने नवा मूलभूत कायदा जाहीर केला. त्याप्रमाणे एका राज्यात तीन बरोबरीचे भाग झाले: नेदरलँड्स, सुरिनाम आणि नेदरलँड्स अँटिलीज, म्हणजे तीच सहा बेटं.

या कायद्याचं नाव 'स्टाट्यूट'. मराठीत त्याला 'सनद' म्हणण्याचा मोह होतो. पण सनद वरून खाली येते. राजा देतो, वतनदार कपाळाला लावतो. हा दस्तऐवज तिघांनी मान्य करून घेतलेला आहे आणि आजही बाकीच्यांच्या संमतीशिवाय एकट्या नेदरलँड्सला तो बदलता येत नाही. म्हणून मी त्याला 'राज्यकरार' म्हणेन.

या राज्यकरारात प्रत्येक भागासाठी जो शब्द आहे, त्यावर आपलं सगळं उत्तर अवलंबून आहे. तो शब्द आहे 'लांट', अनेकवचनी 'लांडन'. डच भाषेत लांट म्हणजे जमीन, मुलूख, शेत आणि देशही. सार्वभौम असलंच पाहिजे अशी अट त्या शब्दात नाही. इंग्रजीला इथे अडखळायला होतं, म्हणून ती देशाआधी एक विशेषण चिकटवते. त्या इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्यांनी मराठीत 'घटक देश', 'घटक राज्य' असं काहीबाही आणलं. माझं म्हणणं एवढंच आहे की मराठीला ही कसरत करायची गरज नाही, कारण आपला 'देश' डचांच्या लांटइतकाच ऐसपैस आहे.

कोकणातला माणूस घाट चढून 'देशावर' जातो, तिथे त्याला कुणी पासपोर्ट विचारत नाही. देशस्थ, देशमुख, देशपांडे या शब्दांमधला देश कुठल्या राष्ट्रसंघाचा सभासद नव्हता. देशमुखाचा देश म्हणजे त्याचा परगणा. शब्द आला संस्कृतातल्या 'दिश्' धातूवरून, म्हणजे दाखवणं. बोट दाखवून 'तो मुलूख' असं सांगता येतो, तो देश. त्यावर कुणाचं छत्र आहे, हा पुढचा प्रश्न. देश म्हणजे सार्वभौम राष्ट्रच, हे समीकरण गेल्या शे-दीडशे वर्षांतलं आहे आणि ते इतकं घट्ट झालंय की 'कुरासाओ देश आहे पण स्वतंत्र नाही' हे वाक्य आपल्याला विसंगत वाटतं. डच माणसाला नाही वाटत. देशावरच्या माणसालाही वाटायला नको.

तेव्हा आजचं चित्र मराठीत असं मांडता येतं: राज्य एक, देश चार. नेदरलँड्स, अरुबा, कुरासाओ आणि सिंट मार्टेन. यात एक खाच आहे, ती बातम्यांमध्ये नेहमी चुकते. नेदरलँड्स हा त्या राज्यातला एक देश आहे, अख्खं राज्य नव्हे. म्हणून 'नेदरलँड्सचा देश कुरासाओ' असं लिहू नये. 'नेदरलँड्सच्या राज्यातला देश' असं लिहावं. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि नागरिकत्व ही राज्याची खाती. शाळा, कर, पोलीस, नाणं ही देशाची. सुरिनाम २५ नोव्हेंबर १९७५ ला या घरातून बाहेर पडला. अरुबा १ जानेवारी १९८६ ला अँटिलीजमधून वेगळ्या चुलीवर आला. तो दहा वर्षांनी पूर्ण स्वतंत्र व्हायचा होता, पण पुढे त्यानेच तो बेत सोडला. आणि १० ऑक्टोबर २०१० ला नेदरलँड्स अँटिलीज हा देशच मोडला. मोडला, पण त्याचं चलन मोडलं नाही. अँटिलीजचा गिल्डर कुरासाओ आणि सिंट मार्टेनच्या बाजारात पुढे जवळपास पंधरा वर्षं चालत राहिला, नवा कॅरिबियन गिल्डर आला तो ३१ मार्च २०२५ ला. मराठ्यांचं राज्य गेल्यावरही शिवराई पैसा बाजारात फिरत होता, त्याची आठवण झाली.

'संस्थान' का नको? शब्द मोहक आहे, कबूल. अंतर्गत कारभार यांच्याकडे, संरक्षण आणि परराष्ट्र त्यांच्याकडे, वर राजसत्तेने नेमलेला एक माणूस बसलेला. कोल्हापूर किंवा सांगली डोळ्यांसमोर येतेच. पण संस्थानाला संस्थानिक लागतो. कुरासाओत निवडून आलेली विधानसभा आहे आणि तिला जबाबदार असलेला पंतप्रधान आहे. शिवाय संस्थानातली प्रजा ब्रिटिश नागरिक नव्हती. कुरासाओच्या माणसाच्या खिशात मात्र अॅमस्टरडॅमच्या माणसाच्या खिशातलाच पासपोर्ट असतो, आणि विमानात बसून तो उद्या रॉटरडॅमला राहायला जाऊ शकतो. राजाने सहा वर्षांसाठी नेमलेल्या गव्हर्नरला संस्थानात बसणाऱ्या ब्रिटिश रेसिडेंटपेक्षा 'राज्यपाल' हा शब्द पुष्कळ जवळचा.

'घटक राज्य' म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र दिसतो. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसद राज्याची हद्द आणि नावसुद्धा बदलू शकते. विधानसभेचं मत मागवावं लागतं, संमती लागत नाही. कुरासाओचं स्थान त्याहून भक्कम आहे. 'प्रांत' तर नकोच. नेदरलँड्सला बारा प्रांत आहेत, ते सगळे युरोपात.

राहिला 'वसाहत'चा वर्तमानकाळ. कागदावर चार देश समान असले तरी राज्याचं मंत्रिमंडळ म्हणजे हेगमधलं नेदरलँड्सचं मंत्रिमंडळ, अधिक तिन्ही बेटांचा एकेक मंत्री. एका बाजूला पावणेदोन कोटींहून जास्त लोक, दुसऱ्या बाजूला तिन्ही बेटं मिळून काही लाख. कुरासाओच्या हिशेबवहीवर नजर ठेवायला २०१० पासून एक वित्तीय देखरेख मंडळ बसवलेलं आहे. त्यामुळे बेटावरचा एखादा पुढारी रागाने 'आम्ही अजून वसाहतच आहोत' म्हणाला, तर तो शब्द चुकला असं मी म्हणणार नाही. तो आरोप आहे, आणि आरोपात तो शब्द चपखल बसतो. बातमीदाराने तो अवतरणचिन्हांत द्यावा. स्वतःच्या वाक्यात, स्थितीचं वर्णन म्हणून, देऊ नये.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुढची चूक तिथे होते. सहा बेटांपैकी तीन, म्हणजे बोनेर, सिंट युस्टेशियस आणि साबा, ही देश नाहीत. २०१० मध्ये ती थेट नेदरलँड्स या देशातच सामील झाली. तोवर त्या देशाचं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे जर्मनी-बेल्जियमच्या सीमेवरची तीनशे बावीस मीटरची एक टेकडी होती. आता तो मान साबावरच्या ज्वालामुखीला आहे, तोही कॅरिबियन समुद्रात. या तिघांना रोजच्या डच बोलण्यात 'विशेष खेमेन्टे' म्हणतात. खेमेन्टेला 'नगरपालिका' म्हणावं तर साबाची वस्ती दोन हजारांच्या घरातली, आपल्याकडे तिथे ग्रामपंचायत असती. नुसतं 'विशेष पालिका' पुरे. चलन मात्र या तिघांचं ना युरो ना गिल्डर, तर अमेरिकी डॉलर.

या विशेष पालिकांच्या प्रमुखाचं पदनाम ऐकून मी चाट पडलो. 'खेझाखहेबर'. 'खेझाख' म्हणजे अधिकार, सत्ता, अंमल. 'हेबर' म्हणजे बाळगणारा. आता आपला 'अंमलदार' फोडून बघा: 'अंमल' आणि फारसीतला 'दार', म्हणजे बाळगणारा. जोडणी तीच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच शब्द घडवला. भाषांतर करणाऱ्याला असा आयता जोड क्वचित मिळतो, आणि हळहळ अशी की तो वापरता येत नाही, कारण आजचा मराठी वाचक अंमलदार म्हटलं की चौकीतला पोलीस अंमलदार बघणार. तरी इतिहासाच्या लेखनात, कंपनीच्या काळातल्या खेझाखहेबरसाठी, मी बिनदिक्कत अंमलदार लिहीन. आजच्या साबासाठी 'बेटप्रमुख'.

आता आजोबांचा 'वलंदेज'. हा पोर्तुगीज 'ओलांदेश'वरून आला, म्हणजे हॉलंडचा माणूस. आपण डचांना ओळखलं ते पोर्तुगिजांच्या तोंडून. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांच्या, म्हणजे युरोपियनांच्या, यादीत फिरंगी, इंग्रज, फरासीस यांच्या शेजारी वलंदेज बसलेला आहे, आणि डेन्मार्कवाला डिंगमारही. ही माणसं नुसती सावकार नव्हेत, हाती आलेली जागा मेल्यावरही सोडायची नाहीत, असा इशारा तिथे दिलेला आहे. अमात्यांसमोर होती ती वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणची वखार आणि पूर्वेकडची कंपनी. कुरासाओवाली वेस्ट इंडिया कंपनी निराळी होती, तिच्याशी आपला संबंध आला नाही. म्हणून १६३४ च्या वालबेकला वलंदेज म्हटलं तरी मराठीला ते शोभेल, काळ तोच आहे. फुटबॉलच्या बातमीत मात्र नको. कुरासाओचा खेळाडू पासपोर्टाने डच आहे, पण वलंदेज म्हणजे हॉलंडचा टोपीकर. ज्याचे पूर्वज त्या टोपीकराने साखळीत घालून आणले, त्याला तो शब्द कसा लावणार? तो स्वतःच्या बेटाला पापियामेंतु भाषेत 'कोर्सोउ' म्हणतो, आणि स्वतःला 'यू दि कोर्सोउ', म्हणजे कोर्सोउचं लेकरू.