दापोलीतला पहिला पावसाळा

वहिनी, पुण्याचा पाऊस विसरा. मे महिन्यातच कौलं परतून, म्हणजे काढून पुन्हा नीट लावून घ्या; जून लागला की ते काम करणारा माणूस हाताला लागत नाही. पडवीवर पत्रे असतील तर त्यांचे हुक तपासा, गंजलेले बदला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा आपल्याकडे पत्रे कागदासारखे उडाले. काही गावांत वीज यायला आठवडे लागले, मोबाईलही बंद. त्यामुळे इन्व्हर्टरवर विसंबू नका. विहिरीवर कप्पी आणि दोर ठेवाच, वीज नसताना पंप नुसता शोभेचा.

घरावर झुकलेल्या माडाचे नारळ आणि सुकी झापं, म्हणजे झावळ्या, आधी उतरवा. पश्चिमेच्या भिंतीला झापांची झडी, म्हणजे पाऊस अडवणारा आडोसा, बांधा. प्लास्टिकही चालतं, पण त्याच्या फडफडीने भाऊजींची झोप उडेल!

वादळाचा इशारा आला तर मुलांना घेऊन शेजारच्या स्लॅबच्या घरात जा, संकोच नको. वारा एकदम पडला तरी लगेच बाहेर येऊ नका. वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मधला भाग, डोक्यावर असेल तर थोड्या वेळाने उलट्या दिशेने वारा सुटतो. आणि बाहेर पडाल तेव्हा लोंबणाऱ्या तारांपासून लांब राहा.